‘लेखी ते एसएसबी’ एनडीए पॅकेज: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाही

एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाचे) बहुतेक खासगी क्लास हल्ली एकच पॅकेज विकतात: लेखीचे वर्ग, सराव चाचण्या, एसएसबीची (लेखीनंतर सेवा निवड मंडळ घेतं त्या चाचण्या आणि मुलाखतीची) तयारी आणि पायलट व्हायचं असेल तर सिम्युलेटर. फी एकगठ्ठा घेतात, पण चारही गोष्टी त्या किमतीच्या नसतात.

सगळ्यांत जास्त मोल गणिताच्या वर्गाचं. १२० प्रश्न, ३०० गुण, अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. बोर्डाच्या सवयीने पायरी पायरी मांडत बसलं तर पेपर पुरा होत नाही. चांगला शिक्षक पर्यायांकडून उलटं यायला शिकवतो. त्रिकोणमितीचं पद सोपं करायचं असेल तर कोनाची एक किंमत घालून चारही पर्याय तपासायचे. मात्र ४५ अंश घ्यायचे नाहीत, कारण तिथे साइन आणि कोसाइन सारखेच येतात आणि चुकीचा पर्यायही बरोबर दिसतो. हे ‘का’ सांगणारा शिक्षक असेल तर पैसे वसूल. डेमो लेक्चरला बसून एवढंच पाहा.

सराव चाचणी घेणं सोपं, तपासून चुका समजावणं कष्टाचं. क्लास तिथेच हात आखडतात. गणितात बरोबर उत्तराला २.५ गुण, चुकीला ०.८३ वजा. चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तर सरासरी हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर अंदाज फायद्याचा. म्हणून चाचणीनंतर चुका तीन ढिगांत वेगळ्या करून दाखवल्या पाहिजेत: येत नव्हतं, घाईत चुकलं, उगाच मारलं. नुसती रँक लावणाऱ्या चाचण्यांना पैसे देऊ नयेत. जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

दुसरा पेपर ६०० गुणांचा, त्यात इंग्रजी २००. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजीचा वेगळा वर्ग नसेल तर ते पॅकेज अपुरं आहे. सामान्यज्ञानाच्या जाडजूड नोट्सचं ओझं त्याची भरपाई करत नाही.

एसएसबीच्या भागात सर्वाधिक नुकसान होतं. शब्द पाहून वाक्य लिहायच्या चाचणीत ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. क्लासमध्ये त्यांची तयार वाक्यं पाठ करून घेतात. मग कुठलाही शब्द आला तरी ‘शिस्त यशाकडे नेते’ याच साच्यातलं वाक्य उमटतं आणि मुलगा मुळात कसा आहे ते कागदावर येतच नाही. चित्रावरच्या १२ गोष्टी, ६० प्रसंगांवरच्या प्रतिक्रिया, मुलाखत, गटकामं हे सगळं एकमेकांशी ताडून पाहिलं जातं. उसनं उत्तर तिथे उघडं पडतं. घड्याळ लावून लिहिण्याचा सराव आणि मैदानावर फळी, दोर, पिंप घेऊन गटाने अडथळे पार करणं, एवढ्याचे पैसे जरूर द्या.

पायलटच्या निवडीसाठी सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं तर वैमानिक शाखा कायमची बंद. इतर शाखा खुल्या राहतात. विमानातल्या डायल वाचण्याचा सराव कामाचा, तो घरीही होतो. व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकवरचं ‘सिम्युलेटर’ मात्र खऱ्या यंत्राची जागा घेत नाही. तिथे हात आणि पाय दोन्ही एकाच वेळी चालवावे लागतात. यासाठी जादा फी मागितली तर ठाम नकार द्यावा.

पॅकेजमध्ये जे नसतं तेच आधी करायला हवं: वैद्यकीय तपासणी. वैमानिकासाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडी जास्तीत जास्त ६४, बसलेली उंची ८१.५ ते ९६. पायाची लांबी मोजताना पाठ भिंतीला टेकवून जमिनीवर बसायचं, पाय सरळ ताणायचा आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप धरायची. रंग ओळखण्यात दोष असेल तर तो सरावाने किंवा चष्म्याने जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ही तपासणी फी भरण्याआधी करा, भरल्यावर नव्हे.

आणखी एक. ‘एनडीए करायचं तर जेईईची गरज नाही’ असं क्लासवाले ठासून सांगतात. एनडीएपुरतं ते खरं आहे. पण इंजिनिअर अधिकारी व्हायचं असेल तर लष्कराच्या १०+२ टेक्निकल एंट्रीला भौतिक, रसायन, गणितात मिळून किमान ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली लागते. लेखी न देता थेट एसएसबी. नौदलाच्या बी.टेक. प्रवेशालाही जेईई मेनची रँक बघतात, शिवाय त्या तीन विषयांत ७० आणि इंग्रजीत ५० टक्के हवेत. म्हणून जेईई मेनचा अर्ज भरायला लावणारा क्लास निवडावा.