यकृत-कृमीचं एलायझा किट: गावासाठी चालेल, एकट्या माणसासाठी नाही

मी मूळची मालवणची, सध्या दक्षिण कोरियात परजीवींच्या लॅबमध्ये. नाकडोंग नदीकाठच्या गावांत क्लोनॉर्किस हा यकृत-कृमी किती पसरलाय हे पाहायला आम्ही एक एलायझा किट वापरतो, म्हणजे कृमीविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी रक्तात आहेत का हे रंगावरून दाखवणारी चाचणी. तक्रारी आहेत, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

क्लोनॉर्किस हा पित्तनलिकेत राहणारा चपटा कृमी. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाल्ला की पोटात जातो, वीस-वीस वर्षं मुक्काम ठोकतो आणि पित्तनलिकेचा कर्करोगही करू शकतो. (पहिल्यांदा सापडला तो आपल्याच कलकत्त्यात, १८७४ साली, एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात. समुद्राच्या माशातून हा येत नाही, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.)

किटची खरी कमाई म्हणजे लोक तपासणीला येतात. शौचाची डबी हातात दिली की आजोबा हसून विषय बदलतात. साखर-कोलेस्टेरॉलसाठी रक्त काढताना मात्र आणखी एक नळी भरायला कुणाची ना नसते. प्लेटमध्ये ९६ खळगे, अँटिबॉडी असली की खळगा पिवळा होतो. प्रत्येक नमुना दोनदा लावून, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) धरून, चाळीसेक माणसं बसतात. सकाळी लावलेली प्लेट जेवणाआधी ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्रावर वाचून होते. कोणत्या गावात जास्त, कोणत्या वयात जास्त, हा नकाशा झकास निघतो.

पुढे मात्र जपून. औषध घेऊन कृमी मेला तरी अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. म्हणजे प्राझिक्वाँटेल (हेच ते कृमीचं औषध) वाटल्यावर गाव सुधारलं का, हे याच किटनं विचारू नका. खेकड्यातून येणाऱ्या फुप्फुसाच्या कृमीमुळेही खळगा पिवळा होऊ शकतो. आणि साधा हिशेब: हजारांत ५० जणांना लागण, चाचणी दोन्ही बाजूंनी (लागण असलेल्यांत आणि नसलेल्यांतही) ९० टक्के अचूक असं धरा. खरे पॉझिटिव्ह ४५, खोटे ९५! पॉझिटिव्ह आलेल्याच्या हातात थेट गोळ्या ठेवायच्या की आधी शौचात अंडी शोधायची, हे यावरून ठरवा. माहितीपत्रकात हे अगदी बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर आहे, याचा मला राग येतो.

किरकोळ कटकटी: धुण्याच्या द्रावणात फ्रिजमध्ये खडे धरतात, कोमट करून विरघळवावं लागतं. कडेचे खळगे लवकर सुकतात आणि आकडे वरखाली होतात, तेव्हा झाकण-पट्टी लावाच.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर सुट्या पट्ट्यांची प्लेट मागा. अखंड प्लेट दहा-बारा नमुन्यांसाठी उघडली की बाकीचे खळगे वाया जातात, आणि हे किट स्वस्त नाही.