१३० मिमी दुर्बीण : नळीला चार स्टार, स्टँडला दोन

धंदा लग्नाच्या फोटोंचा, पण २०२५ च्या दिवाळीत लेमन धूमकेतू येणार म्हणून हा सेट घेतला. १३० मिमीचा आरसा, ६५० मिमी फोकल लेंग्थ, सोबत इक्वेटोरियल माउंट (अक्ष ध्रुवताऱ्याकडं रोखला की ताऱ्यांबरोबर फिरणारा स्टँड) आणि तो फिरवणारी मोटर.

आरसा झकास. धूमकेतूचं डोकं हिरवंगार आलं. गिऱ्हाइकांना वाटतं मी फोटोशॉप केलं. तो रंग त्याच्या वायूतल्या कार्बनचा आहे.

माउंटनं मात्र घाम काढला. लंडनला ध्रुवतारा ५१ अंशांवर, आपल्या सोलापुरात जेमतेम साडेसतरा, म्हणजे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला टेकलेला. त्यामुळं माउंटचा अक्ष जवळपास आडवाच करावा लागतो. मग धूमकेतूसाठी नळी वायव्येला वळवली की वजनाचा दांडा खाली येऊन ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला धडकतो. दुकानदाराला फोन केला, तर "पुस्तकात दिलंय तसंच लावा की ओ!" पुस्तकात एक पाय उत्तरेला ठेवा म्हणून लिहिलंय. खुशाल तो दक्षिणेला करा, दांडा दोन पायांमधून सुटतो.

दुसरी तक्रार फोकसरची, म्हणजे चित्र स्पष्ट करायला आत-बाहेर सरकणाऱ्या नळकांड्याची. डीएसएलआर कॅमेरा लावला की फोकसर हवा तेवढा आत जात नाही, बार्लो (चित्र मोठं करणारी जोडलेन्स) घालावी लागते. आधीच एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) बॉडीवर दोन अंश आकाश मावतं, बार्लोनं ते निम्मं होतं. शेपटी फ्रेममध्ये येणार कशी? मी सरळ माझी लग्नातली १३५ मिमीची लेन्स लावून कॅमेराच नळीच्या पाठीवर बांधला. आयएसओ १६००, शटर ३० सेकंद, तारे टिपक्यासारखे! नळीतून १५ सेकंदांच्या पुढं जाऊ नका. फोटो एकावर एक रचायला डीपस्कायस्टॅकर फुकट मिळतं. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असतो, त्याची वेगळी सोय त्यात आहे.

जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून वायव्येला अख्खं शहर आडवं येतं. त्यात धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो नेमका २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. फटाक्यांच्या धुरात काय डोंबल दिसणार? बार्शी रोडनं नान्नजच्या पुढं गेलो, तेव्हा काम झालं. सगळा सेट मोटारीच्या मागच्या सीटवर मावतो, हा एक गुण नक्की.

बिनमोटरचा सेट थोडा स्वस्त पडतो, पण फोटो काढायचे असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मोटर नसली तर या नळीत सेकंदाभरात ताऱ्याची रेघ होते.