मॅन्युअल खरंच वाचणारा वाचक

सतरा वर्षं मी मिक्सर आणि वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं लिहिली. ती कोणी उघडतही नाही, खोक्यातल्या थर्माकोलबरोबर थेट रद्दीत. यंदा मात्र असा वाचक मिळाला जो शब्द न् शब्द वाचतो, दर वेळी नव्याने वाचतो आणि लिहिलंय ते खरं धरून चालतो. एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच एकेक पाऊल टाकत करणारा एआय प्रोग्राम.

काम असं होतं. एका संस्थेकडे जुन्या पत्रांचे स्कॅन आहेत, गावागावांच्या फोल्डरांत लावलेले. एजंटला ते दिसावेत पण त्याने कशाला हात लावू नये, म्हणून त्यांच्या प्रोग्रामरने फक्त यादी देणारं टूल, म्हणजे एजंटला वापरता येणारा छोटा प्रोग्राम, लिहिलं. त्याचं वर्णन माझ्याकडे; टूल काय करतं आणि कसं वापरायचं हे एजंट त्यावरूनच ठरवतो. नमुना म्हणून समोर ठेवला एमसीपीचा फाइलसिस्टिम सर्व्हर, म्हणजे फायली-फोल्डरांसाठीच्या टूलांचा तयार संच. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची टूल्स जोडण्याची ठरलेली पद्धत, अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला. सर्व्हर फुकट आहे, ओपन सोर्स आहे. त्यातल्या यादीवाल्या टूलांबद्दल, खरं तर त्यांच्या वर्णनांबद्दल, हे लिहितोय.

मुख्य टूल लिस्ट_डिरेक्टरी. फोल्डरचा पत्ता दिला की आतली नावं येतात आणि प्रत्येक नावाआधी चौकटी कंसात ती फाइल आहे की फोल्डर ते. वर्णन चारच वाक्यांचं, पण शेवटचं मला फार आवडलं: परवानगी दिलेल्या फोल्डरांतच चालतं. जे जमत नाही तेही सांगून टाकलंय. कोणत्या फोल्डरांना परवानगी आहे हे विचारायला वेगळं टूल आहे, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको.

डिरेक्टरी_ट्री पूर्ण झाड काढून देतं. त्याच्या वर्णनात एक बारीक गोष्ट आहे: फाइलला ‘चिल्ड्रन’ हा रकाना नसतोच, फोल्डरला नेहमी असतो, भले तो रिकामा असो. रिकामा फोल्डर आणि फाइल यांची गल्लत होऊ नये म्हणून. हे ज्याने लिहिलं त्याने कधीतरी मार खाल्लेला असणार. आकारासकट यादी देणारं तिसरं टूलही आहे, ते नावाने किंवा आकाराने लावून देतं. ठीक आहे.

आता ‘रीड ओन्ली’बद्दल, म्हणजे फक्त वाचायचं, बदलायचं नाही. मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून प्रोटोकॉलमध्ये टूलवर तशी खूण लावता येते. खूण नसेल तर टूल बदल करू शकतं, मोडतोडही करू शकतं, असंच धरायचं. हे मला पटलं. पण तिचं नावच ‘हिंट’, नुसती सूचना. दारावरची ‘आत येऊ नये’ पाटी, कुलूप नव्हे. अनोळखी सर्व्हरच्या खुणेवर विसंबू नका, असं प्रोटोकॉलच बजावतो. शिवाय या सर्व्हरमध्ये फायली लिहिणारी, हलवणारी टूल्सही सोबत येतात. नुसती यादी हवी असणाऱ्याने डॉकरमध्ये (प्रोग्रामला वेगळ्या बंद डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) फोल्डर जोडताना ‘आरओ’, म्हणजे रीड ओन्ली, लावावं; सर्व्हरच्या रीडमी या माहितीपत्रकात तसं दिलंय. आम्ही आमच्या टूलला पाटी आणि कुलूप दोन्ही लावलं.

एवढा चांगला नमुना समोर असूनही मी शेण खाल्लंच. आमचं टूल एका वेळी १०० नावं देतं, पुढची मागावी लागतात. मी लिहिलं, ‘फोल्डरमधल्या सर्व फायलींची यादी देते.’ एका गावाची पत्रं किती, असं विचारल्यावर एजंट म्हणाला, बरोबर १००. त्याने मला विचारायचं कशाला? मीच ‘सर्व’ लिहून दिलं होतं.

दुसरा घोळ त्याहून मजेदार. यादीत कऱ्हाड दोनदा. एजंटने कळवलं की एकच नाव चुकून दोनदा आलंय, दुसरं सोडून देतो. मलाही तेच वाटलं. प्रोग्रामरने उलगडून पाहिलं तर स्कॅनिंगवाल्या एका मुलाच्या कीबोर्डावरून ‘ऱ’ आणि हलन्त गेला होता, तर दुसऱ्याच्या कीबोर्डावरून ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कऱ्हाड आणि कर्‍हाड. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन गावं, आणि दोन्हींत वेगवेगळी पत्रं. युनिकोड, म्हणजे संगणकातली अक्षरांची ठरलेली क्रमांकपद्धत, तिच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याने) ही दोन रूपं एक होत नाहीत. नमुन्याच्या वर्णनात यावर अक्षर नाही. त्यांच्या लेखकाला कऱ्हाड कुठून भेटणार म्हणा! मी वाक्य घातलं: ‘दिसायला सारखी नावं वेगळी असू शकतात. यादीत आलं तसंच नाव पुढे द्या, स्वतः टाइप करू नका.’ साताऱ्यापासून कुऱ्हाडापर्यंत ज्यांच्या फोल्डरांत हा ‘ऱ’ येतो, त्यांनी ते खुशाल उचलावं.

नमुन्याला पाचपैकी चार. माझं वर्णन अकरा ओळींचं झालं, तर प्रोग्रामर कुरकुरला: हे दर संभाषणात मॉडेलच्या, म्हणजे एजंटमागच्या एआयच्या, डोक्यावर लादलं जातं, टोकन (मजकुराचे मोजले जाणारे तुकडे) जातात, कमी करा. कऱ्हाडाला मी हात लावू दिला नाही. शेवटी सगळे ‘प्लीज’ काढले. सहा निघाले.