निळं मिनी ऑर्किड घेताय? आधी दांडी बघा

४,४९९ रुपये गेले. तीन निळ्या मिनी फॅलेनॉप्सिसचे (हा ऑर्किडचाच एक प्रकार, थोडक्यात 'फॅल') ३,७५०, पॅकिंग-कुरियरचे ४५० आणि 'आजच्या आज घेतलं तरच' म्हणत गळ्यात मारलेल्या इंद्रधनुषी ऑर्किडच्या बियांचे २९९. निळं काही नव्हतंच. फुलांच्या दांडीत सुईने रंग सोडलेला. तो बहर गळला आणि नव्या दांडीवर फुलं आली ती पांढरीफटक.

कुणी शहाणपण शिकवू नका. निळसर-जांभळी झाक असलेले फॅल असतातच, व्हायोलॅशिया या त्यांच्या एका जातीत तशी रोपं आहेत. मग संकरातून कुणी गडद निळा काढला असेल, असं मला वाटलं तर त्यात काय बिघडलं?

पण ती दांडी! खोका उघडला तेव्हाच दिसली होती. बुडापासून दोन बोटं वर बारीक भोक, त्यावर मेणाचा ठिपका, भोवती निळा ओघळ. खरवडलं तर नख निळं झालं. विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणे, "सर, ते बुरशीनाशकाचं सील आहे." कापलेल्या जागी बुरशीनाशक लावतात हे मला माहीत, म्हणून पटलं. नख निळं झालेलं असताना पटलं! अजून डोकं फिरतं.

बिया मोहरीएवढ्या टपोऱ्या. ऑर्किडचं बी इतकं सूक्ष्म की काही जातींच्या एका शेंगेत लाखो मावतात. त्यात अन्नसाठाच नसतो. निसर्गात बुरशीच्या आणि प्रयोगशाळेत बाटलीतल्या खाद्याच्या आधारानेच ते रुजतं. पाकिटातलं ऑर्किडचं बी कुणीही विको, घेऊ नका.

'मिनी'चंही तेच. एका रोपाची नवी पानं जुन्यांच्या दुप्पट आली. वाढ रोखणारं औषध देऊन ठेंगणं ठेवलं असणार. दुसऱ्याच्या बुडाशी ओल्या मॉसचा (शेवाळाचा) घट्ट बोळा, आतली मुळं सडून पोकळ. रोप आलं की तो बोळा आधी काढा.

आता तक्रारीचं ऐका. पैसे पाठवले त्या अ‍ॅपवाले म्हणतात बँकेला विचारा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, पोलिसांत जा. पोलीस ठाण्यात विचारतात, "झाड मिळालं ना?" मिळालं. "फुलं निळी होती?" होती. "मग फसवणूक कसली?" पांढऱ्या फुलाचा फोटो दाखवला तर साहेब म्हणाले, हेही छान आहे की! ऑनलाइन तक्रारीत 'वस्तू मिळाली नाही' हा पर्याय आहे, 'खोटी मिळाली' हा नाहीच. ग्राहक तक्रार करायला गेलो तर म्हणे पक्कं बिल आणा. भामटा पक्कं बिल देतो होय? शेवटी 'रक्कम किरकोळ' म्हणून फाइल बंद. एवढी किरकोळ असेल तर साहेबांनी खिशातून द्यावी.

पैसे देण्याआधी दांडीच्या बुडाचा उजेडातला फोटो मागा. टाळाटाळ केली की विषय संपला. संकराचं नावही मागा. नोंदवलेल्या ऑर्किड संकरांची यादी लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते, नेटवर शोधता येते. 'ब्ल्यू मिनी हायब्रिड' हे नाव नव्हे. आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ काढाच, माझ्याकडे नव्हता.

तो माणूस अजून विकतोय. खात्याचं नाव नवं, फोटो तेच, खाली 'शेवटची ५ रोपं शिल्लक'.