ग्रीगच्या घरातल्या पियानोची सीडी, अशोक चौकातनं रिव्ह्यू

घेऊन दीड महिना झाला, आता लिहितो. नॉर्वेचा पियानोवाला लाइफ ओवे आन्सनेस, त्यानं वाजवलेली, तिकडच्याच जुन्या संगीतकार ग्रीगच्या लिरिक पीसेसची, म्हणजे पियानोच्या छोट्या तुकड्यांची सीडी, २००२ ची. सेकंडहँड मागवली, ४८० रुपये आणि वर डिलिव्हरी. ११ दिवसांनी आली ती कव्हरला आरपार तडा घेऊन, बिजागरीचा एक कान तुटलेला आणि आतलं माहितीचं पुस्तक गायब. विकणाऱ्याला फोटो टाकले तर उत्तर आलं, डिस्क चालते ना सर. चालते, खरंय. पण एक स्टार तिथंच गेला, तो आन्सनेसचा नाही, पॅकिंगचा.

मी काय पियानोवाला नाही. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, पियानो जवळून बघितलाय तो एकदाच, पुण्यात शोरूममध्ये, त्यावर पण हात लावू नये असा बोर्ड. मग ही सीडी कशाला? तर मोबाईलवर एकदा हा माणूस लागला, अर्धाच ऐकला, आणि नंतर कळलं की ही अख्खी सीडी त्यानं ग्रीगच्या स्वतःच्या पियानोवर, ग्रीगच्याच घरात बसून वाजवलीय. नॉर्वेतल्या बर्गन शहराजवळ ट्रोल्डहॉगेन नावाचं घर आहे, पियानो स्टाइनवे कंपनीचा, १८९२ चा, नवराबायकोच्या लग्नाला २५ वर्षं झाली तेव्हा भेट मिळालेला. आमच्या मंडळातली पेटी पण कुणाच्या तरी आजोबांची आहे, त्यामुळं जुन्या वाद्याचं मला जरा जास्तच.

आता ऐकायचं कसं हा प्रश्न. आमच्या भिंतीला लागून मागाचं शेड, टॉवेल निघतात, दिवसरात्र खटाखट खटाखट, त्यात हा माणूस एवढा हळू वाजवतो की पहिले आठ दिवस मला फक्त डाव्या हाताचे मोठे सूर ऐकू आले. लाईट गेली की माग थांबतात पण मग आमचा डीव्हीडी प्लेअर पण थांबतो. शेवटी प्लेअर इन्व्हर्टरवर घेतला. एप्रिलमधली दुपार, ४२ च्या पुढं ऊन, लाईट गेली, माग गप्प, मी उठून पंखा पण बंद केला. आई शेंगा फोडत बसलेली, ती बघतच राहिली, म्हणाली अरे येड्या, पंखा बंद करून कोण गाणं ऐकतं का.

आणि मग पहिला ट्रॅक, आरिएटा. दीड मिनिटाचा पण नाही. पेटीचं कसं असतं, भाता चालू आहे तोवर सूर जिथल्या तिथं उभा. पियानोत पट्टी दाबली, हातोडी तारेवर बसली की त्याच क्षणापासून आवाज विझायला लागतो, मग त्यावर सलग चाल गायची कशी? वर चाल, खाली खर्ज, मधे दोन हातांनी वाटून घेतलेले, एकामागोमाग येणारे बारीक सूर, आणि हा बाबा करतो काय तर आधीचा सूर जेवढा विझलाय तेवढ्याच वजनानं पुढचा ठेवतो, म्हणून जोड दिसत नाही. मी तो ट्रॅक सहा वेळा लावला. शेंगा फुटल्याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा येत होता.

आन्सनेस तिकडचाच, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर कारमॉय नावाचं बेट आहे तिथला, जन्म १९७०, आईवडील दोघंही संगीत शिकवणारे. सोळाव्या वर्षी बर्गनला शिकायला गेला, तिथं यिरी ह्लिंका हे चेक गुरू मिळाले, आणि १९८७ ला ऑस्लोत पहिला कार्यक्रम. ग्रीगचा तो फेमस पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रानं मिळून वाजवायची मोठी रचना, यानं दोनदा रेकॉर्ड केलाय, विशीत बर्गनच्या ऑर्केस्ट्राबरोबर, नंतर ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या मारिस यान्सन्सच्या हाताखाली बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर. मला दुसरा जास्त आवडला, पहिल्यात पोरगं जरा घाईत वाटतं. पुढं २०१२ ते २०१५ मुख्यतः बीथोव्हेन, तो जुना जर्मन संगीतकार, १०८ शहरं, २७ देश, २३० च्या वर कार्यक्रम, आणि त्याचे पाच कॉन्चेर्टो वाजवताना ऑर्केस्ट्रा पण स्वतःच पियानोवर बसून चालवला. गंमत म्हणजे ग्रीग उंचीला जेमतेम पाच फूट, पियानोपर्यंत पोचायला तो बीथोव्हेनच्या सोनाटांचं जाड पुस्तक बुडाखाली घ्यायचा म्हणे. एकानं बीथोव्हेनवर बैठक मारली, दुसऱ्यानं त्यापायी चार वर्षं गावोगाव हिंडून घेतलं.

ट्रोल्डहॉगेनमधला लग्नाचा दिवस असा एक ट्रॅक आहे, तो आपल्या लोकांनी ऐकाच. सुरुवातीला डाव्या हातात नुसता सा आणि प, सा आणि प, तानपुरा लावल्यासारखा, आणि त्यावर वरात येते. तिकडच्या गावाकडं हार्डांगर म्हणून एक फिडल, व्हायोलिनसारखं वाद्य, असतं, त्याला खालून आपल्या सारंगीसारख्या तरफा, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या तारा असतात, म्हणून ते कानाला परकं लागत नसावं, असं आपलं माझं मत.

खोट सांगायची तर ट्रोल लोकांचा, म्हणजे तिकडच्या गोष्टींतल्या राक्षसांचा मार्च. तिथं जोरात वाजवलं की माझ्या स्पीकरवर आवाज फाटतो, पियानो म्हातारा की माझा स्पीकर माहीत नाही, बहुतेक स्पीकरच. आणि एका दमात सगळी सीडी ऐकू नका, बारीक बारीक तुकडे आहेत, मधेच एकसारखं वाटायला लागतं. रोज चारपाच पुरे.

पण शेवटचा ट्रॅक सोडू नका. ग्रीगनं असल्या तुकड्यांची दहा पुस्तकं काढली, पहिलं १८६७ ला, दहावं १९०१ ला, आणि दहाव्यातल्या शेवटच्या तुकड्यात ३४ वर्षांपूर्वीची आरिएटाची चाल परत घेतली, फक्त तीनच्या ठेक्यात, दादऱ्याला बसवल्यासारखी. मी हे आधी वाचलं होतं, आईला काहीच माहीत नाही. तिनं सुपातनं मान वर न करता विचारलं, परत पहिलंच लावलास का रे? मी नाही म्हणेपर्यंत लाईट आली, शेजारचे माग सुरू झाले आणि शेवटचे दोन सूर काय मला ऐकू आले नाहीत. पाचपैकी चार. आता परत लाईट जायची वाट बघतोय.