टायरच्या हवेचे सेन्सर : आठ महिन्यांनंतर

व्हॉल्ववर बसणाऱ्या चार टोप्या आणि डॅशबोर्डवर सोलरचा छोटा डिस्प्ले, एवढाच पसारा. बायको म्हणाली, "पंक्चरवाला बघतो की हवा!" बघतो, पण उभ्या गाडीची.

आमची सात सीटर, टायरचा साइज १८५/६५ आर १५. शहरात मी एकटाच, हवा ३३ पौंड (पीएसआय), आकडा एक-दोनने हलतो. दोन महिने वाटलं, पैसे पाण्यात गेले.

मग मे महिन्यात समृद्धीवरून संभाजीनगर-नागपूर. सात माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. 'उन्हाळ्यात हवा फुगते, कमीच ठेव' हा वडिलांचा नियम, म्हणून चारही चाकांत २८. पहाटे निघालो, ११०-१२० ने तासभर गेलो तर मागे ३३ आणि टेम्परेचरचा अलार्म. परतताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे फुल लोडची हवा, मागे ३६. तीच पहाट, तीच माणसं (पेट्या गेल्या, पण सासूबाईंनी तेवढंच सामान भरून दिलं). आकडा ४० वर थांबला आणि टेम्परेचर जातानापेक्षा दहा-बारा अंशांनी कमी!

घरी येऊन हिशोब मांडला. मागच्या एका चाकावर साडेचारशे किलो धरले तर ३६ हवेला जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने १८० चौरस सेंटिमीटर, २८ ला सव्वादोनशेच्या वर. म्हणजे टायर तेवढा जास्त बसतो, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, तेवढी जास्त दुमडते. हा टायर चाळीसच्या वेगाला सेकंदाला सहाएक फेरे घेतो, १२० ला सतरा. प्रत्येक फेऱ्यात रबर दुमडून सरळ होतं आणि त्यातली थोडी शक्ती उष्णता होऊन आतच राहते. वेग फारच वाढला नि हवा कमी असली तर जमिनीवरून सुटलेल्या भागाला सरळ व्हायला सवडच मिळत नाही. टायरच्या मागच्या अंगाला लाटा उभ्या राहतात. तिथून फुटायला वेळ लागत नाही.

वडिलांना हे पटलेलं नाही. गरम टायरची हवा ते अजूनही सोडायला सांगतात, मी सोडत नाही. हवा सकाळी, टायर थंड असतानाच बघायची.

तक्रारी आहेत. टोपी बाहेर असल्याने टेम्परेचर खऱ्यापेक्षा कमी दाखवते. भर उन्हात डिस्प्ले वाचता येत नाही. हवा भरताना टोपी काढा, लावा. एकदा पंपावरच विसरलो. एका टोपीचा सेल सहाव्या महिन्यात गेला. आणि मागच्या डाव्या चाकाची टोपी नीट आवळली नव्हती, तर रात्रभरात चार पौंड हवा गेली. सकाळी डिस्प्लेनेच ओरडून सांगितलं, हेही खरं.