टॅबलेटचं अपडेट अडकलंय? सोलापूरच्या नवी पेठेतल्या या दुकानात आधी दाखवा

चार स्टार. पाचवा का कापला ते ओघात येईल.

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टर्किश टॉवेलचा कारखाना आहे. माग मालक बघतात, हिशेब आणि ऑर्डरी माझ्याकडे. व्यापारी आला की नमुन्यांचा गठ्ठा सोडण्याऐवजी आम्ही टॅबलेट पुढे करतो: बॉर्डरचे रंग, जकार्डची डिझाइनं, तयार मालाचे व्हिडिओ, सगळं त्यातच. ऑर्डरी घ्यायचं ॲप एक दिवस अडून बसलं, नवं अँड्रॉइड असेल तरच चालेन म्हणायला लागलं. आणि अपडेट काही केल्या होईना. डाउनलोड पूर्ण व्हायचं, टॅब बंद होऊन चालू व्हायचा, पडद्यावर तो हिरवा रोबोट आडवा, पोटावर लाल त्रिकोण, आणि थोड्या वेळाने पुन्हा जुनंच अँड्रॉइड. वर सूचना: अपडेट होऊ शकलं नाही. का नाही, ते सांगायची पद्धतच नाही.

आधी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात नेला होता. तिथल्या पोराने टॅब हातातसुद्धा घेतला नाही. "फॉरमॅट मारावं लागेल, उद्या न्या." डिझाइनं जातील त्याचं काय, विचारलं तर खांदे उडवले. मी टॅब पिशवीत टाकला आणि निघाले.

नवी पेठेतलं दुकान वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. मालक तिशीतला असेल. फोनवर तेलुगू, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, माझ्याशी मराठी. सोलापुरात यात नवल काही नाही. त्याने बटणाला हात लावायच्या आधी विचारलं, "अक्का, ह्यात गूगल खातं कुणाचं आहे? पासवर्ड येतो का?"

खातं पुतण्याने टॅब घेतला तेव्हा उघडलेलं. तो आता पुण्यात, नंबरही बदललेला, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. मालक म्हणाला, "मग फॉरमॅट केलं असतं तर डिझाइनं तर गेलीच असती, टॅबही उघडला नसता." अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आहे. रिकव्हरीतून (अँड्रॉइड सुरू न करता उघडणारा दुरुस्तीचा मेनू) फॅक्टरी रीसेट, म्हणजे फॉरमॅट, केलं की चालू होताना टॅब आधीचंच खातं आणि पासवर्ड मागतो. चोराला उपयोग होऊ नये म्हणून केलंय, पण आमच्यासारख्यांच्याही गळ्याशी येतं. माझे चार स्टार खरं तर या एका प्रश्नाचे आहेत.

मग त्याने तारीख-वेळ बघितली. बॅटरी पार उतरून टॅब बरेच दिवस पडून राहिला की तारीख कुठल्या कुठे जाते, आणि तारीख चुकीची असली की टॅबचा अपडेटच्या सर्व्हरवर विश्वास बसत नाही. आमची बरोबर होती. मग स्टोरेज. टॅब ३२ जीबीचा, त्यात मोकळी जागा २ जीबीसुद्धा नाही. "अपडेट आत उतरलंय ओ, पण सोडवायला जागा कुठाय?" डाउनलोडला लागते तेवढीच जागा पुरत नाही, फाइल उलगडायला वरून आणखी लागते. जागा खाल्ली होती व्हॉट्सॲपने: व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरचे सकाळचे फुलांचे फोटो आणि एकच व्हिडिओ दहा जणांकडून आलेला.

डिझाइनं त्याने ओटीजी (टॅबला पेन ड्राइव्ह जोडायची पिन) लावून माझ्याच पेन ड्राइव्हवर घेतली. मला आवडलं ते पुढचं. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून मधल्याच काही फाइली उघडून दाखवल्या, मग विचारलं, "आता पुसू?"

त्यानंतर टॅब बंद केला आणि पॉवर व आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून रिकव्हरीत नेला. (सगळ्या कंपन्यांच्या टॅबला हीच बटणं चालतील असं नाही.) काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांची यादी येते. तिथे बोट चालत नाही, आवाजाच्या बटणांनी खाली-वर करायचं. त्यात 'वाइप डेटा' आणि 'वाइप कॅशे पार्टिशन' या दोन ओळी एकाखाली एक. पहिलीने सगळं साफ होतं, दुसरीने फक्त तात्पुरत्या फाइली जातात, अर्धवट राहिलेल्या अपडेटचा कचराही त्यात निघतो. हे घरी करून बघणाऱ्यांनी ही जागा नीट वाचावी. त्याने दुसरी ओळ निवडली, ओके करायच्या आधी मला वाचायला लावली.

मग चार्जर लावून, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटऐवजी दुकानाच्या वायफायवरून अपडेट नव्याने उतरवलं. या वेळी झालं. ॲप सुरू झालं, पुतण्याच्या खात्यासोबत माझं खातंही त्याने जोडून दिलं.

थांबले होते तेव्हा त्याने नव्या टॅबांचं सांगितलं. अँड्रॉइड ७ पासून, २०१६ पासून, काही टॅबमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे: आमच्या भाषेत, एका मागावर जुना बीम (ताण्याच्या सुताचा रोळ) चालूच, दुसऱ्यावर नवा चढवायचा, नवा नीट चालला तरच जुना थांबवायचा. अपडेट फसलं तर टॅब आपोआप जुन्यावर परततो. आमच्या टॅबला ती सोय नाही, आणि याला कंपनीकडून आता पुढचं अपडेट येणार नाही हेही त्याने स्पष्ट सांगितलं. नवा टॅब गळ्यात मारायची संधी होती, मारला नाही. उलट एवढंच म्हणाला की मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली अपडेट लावू नका, तापलेला टॅब नीट चार्जही होत नाही.

आता पाचवा स्टार. "तासाभरात देतो" म्हणाला आणि संध्याकाळ झाली. मधे बाहेर जाऊन आले, पण तयार झाल्याचा फोन नाही. बसायला एकच स्टूल, त्यावर कुरियरचे खोके. पावती मागितल्यावर मिळाली, तीही कागदाच्या चिठोऱ्यावर, मॉडेल नंबर न लिहिता. धंद्याच्या खर्चात धरायला तेवढ्याने भागत नाही, मी परत नीट लिहून घेतली. घेतले ३५० रुपये, यूपीआय चालतं.

जाताना चार्जर आणि रिकामा पेन ड्राइव्ह सोबत न्या, तिथे मागतात. आणि संध्याकाळी नवी पेठेत चारचाकी घालू नका. पार्क चौकाच्या बाजूला लावून चालत गेलेलं बरं.